आरोपीसकट गुन्हा

अक-दोबो जिल्ह्यात घोडे चोरीला जात नाहीत. सरकारचंच तसं म्हणणं आहे, आणि ते छापून आलंय, म्हणजे खोटं कसं असेल. इथं घोडे भटकतात, वाट चुकतात, कधी लांडग्यांच्या तोंडी जातात आणि बहुतेक वेळा आपले आपण घरी परत येतात. मालकानं तसं सहीनिशी लिहून दिलेलं असतं. म्हाताऱ्या बेइशेनंही दिलं होतं. तबेल्याचं कुलूप फोडून त्याची तांबूस घोडी नेली, तेव्हा चोंग-बुलाक गावचा पोलीस मेलिस त्याच्याकडं चहाला बसला, गुडघेदुखीची चौकशी केली, पावाचा तुकडा लोण्यात बुडवला आणि म्हणाला, "बाबा, घोडी काही सापडायची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. मग जिल्ह्याच्या कपाळी उगाच डाग कशाला? लिहा की परत आली." म्हाताऱ्यानं लिहिलं. मेलिस त्याच्याच कुळातला, त्याच्याच पंगतीला बसणारा पोरगा. त्याला नाही म्हटलं तर उद्या लग्नात, मयतीत तोंड कुठं दाखवायचं?

पोलिसांचंही एक दुखणं असतं. गुन्हा नोंदवला की त्याचं एक कार्ड भरावं लागतं. कार्ड जिल्ह्यातून प्रांतात जातं, प्रांतातून राजधानीत. तिथं यंदाचे महिने गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशेजारी मांडतात. आकडा वाढला तर जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला, म्हणजे इथल्या कर्नलला, उभा करून झाडतात, आणि गुन्हा उकलला नाही तर खुर्चीच जाते. कार्डच भरलं नाही तर गुन्हाच नाही, इतकं ते सोपं आहे. वर गेलेलं शून्य छापून खाली आलं. ते वाचून जिल्हा परिषदेच्या शहाण्यांनी घाटातला नाका उठवला, जिथं दोन पहारेकरी जनावरांचे ट्रक थांबवून बघायचे. चोरीच नाही तिथं पहारा कशाला, म्हणे. त्यानंतर तर ट्रकांना रान मोकळंच झालं.

या सगळ्यात मेला तो तेमिरकुल.

तेमिरकुल गावाचे घोडे राखायचा. त्या वसंतात एकामागून एक घोडे जायला लागले, तशी लोकांची नजर त्याच्याकडं वळली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण नमस्काराला हात पुढं येताना उशीर व्हायला लागला. राखणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. एका सकाळी त्यानं खोगीर चढवलं आणि बहिणीला, कालीपाला, सांगितलं, "एजे, मी जापारच्या जुन्या मेंढवाड्याकडं जाऊन येतो. रात्रीचा तिथं ट्रक लागतो म्हणतात."

"एकटा जाऊ नकोस."

"मग कुणाला नेऊ? पोलिसाला? चोरी झालीच नाही तर तो कशाला येईल?" तो हसला, चहाचा शेवटचा घोट उभ्या उभ्या घेतला आणि गेला.

कालीपा त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठी, म्हणून एजे; थोरल्या बहिणीला, वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडं तसंच म्हणतात. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. पुढं नवरा वारल्यावर बापाच्या घरी परत आली, ती याच्याच संसाराची वाट बघत. गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. बाई तोंडानं फटकळ, पण हाताची सढळ. तेमिरकुलचा घोडा दुसऱ्या दिवशी एकटाच आला, खोगीर पोटाखाली लोंबतंय. ते तिनं बघितलं. पिठानं भरलेले हात तसेच घेऊन ती मेलिसच्या दारात गेली.

मेलिस तिच्या चुलत भावाचा मुलगा. लहानपणी तिच्याच शाळेत तिच्याच हातची खीर खाल्लेला. त्यानं तिला बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं आणि कपाळ चोळत बसला.

"एजे, रशियाला गेला असेल. सगळेच जातात."

"घोडा वाटेत सोडून? पासपोर्ट ट्रंकेत ठेवून? अंगावर घोडे राखायचा गवती रंगाचा कोट घालून रशियाला जातात होय रे?"

"एजे, ऐक माझं. हरवलेला माणूस म्हणून नोंदवलं आणि माणूस सापडला नाही, तर वरचे म्हणतात, खून म्हणून नोंदवा. मग झाला न उकललेला खून. सहामाही बंद व्हायला आलीय. कर्नल मला जिवंत सोलेल. तू एवढं लिहून दे की तो रशियाला कामाला गेलाय, फोन लागत नाही म्हणून काळजी वाटते. सहामाही संपली की मी स्वतः नोंदवतो. बापाची शपथ."

त्याची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "पोरगं कामाला गेलं असं लिहिलं तर शकूनही चांगला. मेला म्हणून लिहिशील तर मरेल." आमच्याकडं लिहिलेल्या शब्दाला माणसं अशी भितात. कालीपाही भ्यायली. तिनं सही केली, आणि त्या सहीनं तिचा घात केला.

सहामाही संपली. मेलिस म्हणाला, आता कसं नोंदवू, तुझीच सही आहे की तो रशियात आहे. शिवाय नवी सहामाही सुरू झालीय, सुरुवातीलाच डाग कसा लावायचा.

तोवर कालीपा स्वतः मेंढवाड्यावर जाऊन आली होती. सामुदायिक शेतीच्या काळातला तो वाडा, छप्पर अर्धं उडालेलं, भिंती शेणानं काळ्या. जापारनं तो घेऊन ठेवलाय. जापार मांसाचा व्यापारी, शहराच्या बाजाराला ट्रक पाठवतो, मशिदीला गालिचे देतो. कुत्र्यांनी तिला दारातच अडवलं, तरी तिला आतलं दिसलं. पडक्या वाड्याच्या एका कोपऱ्यात कोरी करकरीत सिमेंटची जमीन होती. छप्पर नाही, दार नाही आणि जमीन सिमेंटची. तेवढ्यात जापार आला, कुत्र्यांना हाकललं आणि अदबीनं म्हणाला, "एजे, उन्हात कुठं फिरता? या, कुमिस घ्या." तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा तो वाडगा हातात घेतला आणि त्याच्यासमोर जमिनीवर ओतला. आमच्यात अन्न असं ओतणं म्हणजे पाप. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणूनच तिला खात्री पटली.

त्यानंतर तिनं जिल्ह्याच्या चौकीचे उंबरे झिजवले. पहिल्यांदा कर्नल ओरोझालीनं तिला खुर्ची दिली, दुसऱ्यांदा उभं ठेवलं, तिसऱ्यांदा तो फोनवरच बोलत राहिला.

"साहेब, त्याचा फोन शेवटचा कुठं लागला एवढं तरी बघा."

"त्यासाठी गुन्ह्याचा क्रमांक लागतो, एजे. त्याशिवाय फोन कंपनी आम्हाला काही सांगत नाही."

"मग द्या क्रमांक."

"गुन्हा नसताना क्रमांक कसा देऊ?"

"मग ते सिमेंट फोडून बघा."

"दुसऱ्याच्या मालकीची जागा. कोर्टाचा हुकूम लागतो. हुकमाला गुन्हा लागतो." तो कंटाळून म्हणाला, "भाऊ रशियातून फोन करील. तेव्हा माझ्यासाठी मिठाई आणा."

घोडा फिरवावा तसं त्यानं तिला रिंगणात फिरवलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. सगळं रडू आत आटून गेलं होतं. सिमेंटखाली तिचा भाऊ पालथा पडलाय की उताणा, हेच तिच्या मनात दिवसरात्र यायचं. नमाज नाही, कफन नाही, तोंड पश्चिमेला केलेलं नाही. तिला न्याय वगैरे नंतर हवा होता. आधी तो हवा होता, मातीत, माणसासारखा.

मेलिसला तिची कीव येत होती, हे खोटं नाही. एका दुपारी तो शाळेच्या स्वयंपाकघरात आला, तिच्यासमोर टोपी काढून बसला आणि बोलून गेला. "एजे, तुला वाटतं आम्हाला गुन्हा नको. तसं नाही गं. उघडा गुन्हा नको. आरोपीसकट गुन्हा आला तर कर्नल त्याला मिठी मारेल. गेल्या वर्षी याच महिन्यांत दोन खून उकलले होते, यंदा एकही नाही. उकल घसरलीय म्हणून वरून रोज शिव्या येतायत."

"म्हणजे खून कमी झाले तरी शिव्या?"

"झालेच नाहीत तर उकलणार काय? आकडा दोन्हीकडून चावतो."

कालीपा कांदा चिरत होती. सुरी थांबली. "आरोपीसकट आणलं तर वाडा खणतील?"

"मग काय तर. त्याच दिवशी. मशीन लावून." मेलिसनं वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "एजे, काय चाललंय तुझ्या डोक्यात?"

"काही नाही. खीर खाऊन जा."

दुसऱ्या दिवशी ती धुतलेला पांढरा रुमाल डोक्याला बांधून जिल्ह्याच्या चौकीत गेली आणि म्हणाली, "माझ्या भावाला मी मारलं. जापारच्या वाड्यात पुरलाय. सिमेंटखाली."

आणि मग काय सांगावं, चौकी जागी झाली. जिला महिनाभर कुणी पाणी विचारलं नव्हतं तिच्यापुढं चहा आला. कर्नल स्वतः उठून आला, दार लावून घेतलं. का मारलं, म्हणाला. तिला पटकन काही सुचेना. त्यानंच सुचवलं. "बापाचं घर धाकट्याचं असतं. त्याचं लग्न ठरत होतं. तुम्हाला घराबाहेर पडावं लागलं असतं. हो ना?" ती म्हणाली, हो. "कशानं मारलं? स्वयंपाकघरातलंच काहीतरी असणार." ती म्हणाली, असेल. "आणि सिमेंट शाळेच्या दुरुस्तीचं." तिनं मान हलवली. शिंप्यानं आधी कापड कापावं आणि मग माणूस शोधावा, तसा तो सदरा तिच्या अंगावर चढला. लिहिणाऱ्या शिपायाचा हात थकला, पण तो खुशीत होता. संध्याकाळच्या आत कार्ड भरून प्रांताला गेलं. क्रमांकही मिळाला. एवढा पुढं पळणारा क्रमांक, शेवटी आला तो असा.

मेंढवाड्यावर मशीन आलं, डॉक्टर आले, अर्धं गाव आलं. कालीपाला बेड्या घालून ट्रकपाशी उभी केली होती. जापारही आला, टोपी काढून एका बाजूला उभा राहिला. "माझा वाडा कधीपासून ओसाड आहे हो," तो लोकांना सांगत होता. "कोण येतं, कोण जातं, मला काय कळणार." सिमेंटचा पहिला तुकडा उचलला तेव्हा कालीपाच्या ओठांवर एकच होतं, नसू दे. एवढं सगळं करून आली होती, आणि आता देवाला विनवत होती की खाली दगड निघू दे, पोरगा खरंच रशियात असू दे, हवं तर परत कधी फोनही न करू दे.

खाली तेमिरकुल होता. गवती रंगाच्या कोटावरून तिनं लांबूनच ओळखला. डोक्याची मागची बाजू फुटली होती.

ती पडली नाही. मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता खरं सांगते. मी नाही मारलं. ह्यानं मारलं, ह्या जापारनं. वाडा त्याचा, सिमेंट त्याचं. तुम्ही खणत नव्हता म्हणून मी खोटं बोलले."

गावानं जापारकडं बघितलं, मग कर्नलकडं. कर्नल शांतपणे म्हणाला, "एजे, नेमकी जागा तुम्हालाच कशी ठाऊक? जो पुरतो त्यालाच जागा ठाऊक असते."

"मी किती वेळा सांगितलं तुम्हाला. तुमच्या खोलीत येऊन सांगितलं. ह्या मेलिसला सांगितलं."

"कुठं आहे ती तक्रार?"

ती कुठंच नव्हती. नोंदवायची नाही म्हणून कुणी नोंदवलीच नव्हती. कागदावर कालीपा त्या चौकीत एकदाच आली होती, गुन्हा कबूल करायला. त्याआधीचा तिचा एकच कागद निघाला, भाऊ रशियात असल्याचा, तिच्याच सहीचा. खून लपवण्यासाठी आरोपीनं पोलिसांची दिशाभूल केली, असं त्या कागदावरून लिहिलं गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथं संन्यासीण स्वतःच सुळावर चढून बसली होती, आणि खाली उतरायची शिडी कुणी कधी बनवलीच नव्हती.

कालीपानं मेलिसकडं बघितलं. तो म्हणाला असता, हो, एजे मला सांगत होती, वाड्याचं नाव घेऊन सांगत होती, तर सगळं फिरलं असतं. तो आपल्या बुटांकडं बघत होता. बोलला असता तर दडपलेल्या सगळ्या घोड्यांचे कागद एकेक करून निघाले असते, आणि त्याच्या घरात दोन लहान पोरं होती. माणसाला गप्प बसायला कारणं कमी पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कर्नल तिच्या कोठडीत आला. स्टूल ओढून बसला, आवाज खाली आणला.

"हे बघा एजे. तुम्ही कबुली मागं घेतलीत तर तपास पहिल्यापासून. मृतदेह पुराव्यात. राजधानीतून तज्ज्ञ मागवावे लागतील, ते येईपर्यंत शीतपेटीत राहील. हिवाळाही उजाडेल. कबुलीवर ठाम राहिलात तर आज दुपारी घरच्यांना देतो. सूर्य मावळायच्या आत मातीत जाईल."

"त्याचा फोन तपासा. फोनवरून सगळं कळेल."

"उकललेल्या गुन्ह्याचा फोन कशाला तपासू?" तो खरोखरच गोंधळला होता. त्याला त्यात दुष्टपणा दिसतच नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं. "उकल मागं घ्यायची म्हणजे वर गेलेलं कार्ड मागं घ्यायचं. असं आजवर कुणी केलेलं नाही."

कालीपा भिंतीला टेकून बसली होती. ती पाच वर्षांची पोर नव्हती, आपण कशावर सही करतोय हे तिला कळत होतं. उरलेलं आयुष्य एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला शीतपेटीत पडलेला तिचा तेमिरकुल, ज्याला लहानपणी थंडी सोसायची नाही म्हणून ती आपल्या कुशीत घेऊन झोपायची.

"पश्चिमेकडं तोंड करून ठेवतील ना?" तिनं विचारलं.

"मुल्लाला सांगतो."

तिनं सही केली.

दफन झाल्यावर मेलिस तिला भेटायला आला. मयतीच्या जेवणातला तिचा वाटा कापडात बांधून आणला होता, बहिणीचा मान म्हणून. तो तिनं घेतला नाही.

"सांग," ती म्हणाली.

"सगळं नीट झालं, एजे. तंबू उभारला होता. लोक खूप आले. धुतलं, कफन घातलं. तोंड पश्चिमेला केलं, मी स्वतः खड्ड्यात उतरलो होतो."

"मग?"

"मग मुल्लानं विचारलं, हा माणूस कसा होता. सगळे म्हणाले, चांगला होता. मग रीतीप्रमाणं विचारलं, ह्याच्यावर कुणाचा राग असेल, काही देणं असेल तर बोला, नाहीतर इथंच माफ करा." मेलिस थांबला.

"बोल."

"जापारदादा पुढं आला. म्हणाला, पोरगा माझ्यावर चोरीचा आळ घेत होता. पण मेलेल्यावर राग धरू नये. मी त्याला माफ केलं."

कालीपा एक पाऊल त्याच्याजवळ आली.

"लोक काय म्हणाले?"

"लोक म्हणाले, अल्ला त्याचं भलं करो. मोठ्या मनाचा माणूस."

"आणि तू?"

मेलिस कसाबसा म्हणाला, "मी पण आमीन म्हणालो, एजे. सगळे म्हणत होते."

ती उठली, दाराकडं पाठ केली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली, तंबूत बसून बहिणीनं भावासाठी रडायचं असतं तसं, सूर लावून, शब्द जुळवून. त्या रडण्यात मेलेल्याचं सगळं सांगायचं असतं. कसा जन्मला, कसा वाढला, कसा हसायचा आणि कसा मेला. तिनं सगळं सांगितलं. कुणाचे घोडे कुणी नेले ते सांगितलं, ट्रक कुठं लागायचा ते सांगितलं, त्याला कुणी मारलं ते नावागावानिशी सांगितलं. जापारचं नाव पुन्हा पुन्हा आलं, मेलिसचं आलं, कर्नलचंही आलं. मयतीचं रडणं मध्येच तोडणं पाप, म्हणून कुणी तिला गप्प केलं नाही. लिहिणारा शिपाई टेबलाशी बसून होता, बाकीचे शिपाई दारात येऊन उभे राहिले, कर्नलही आपल्या खोलीतून बाहेर आला आणि मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला. लिहून कुणीच घेतलं नाही.